बाळाची लापशी पातळ करा, पण पाण्याने नव्हे



अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत बाळांचे वजन करताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते, बाळ वाटीभर पेज पिते, तरी वजन वाढत नाही. कारण वाटीत पीठ थोडे आणि पाणीच फार. लापशी घट्ट झाली तर बाळाला गिळवत नाही, म्हणून आई पाणी ओतते. इवलेसे पोट पाण्यानेच भरते.

यावरचा उपाय धान्यातच आहे.

ज्वारीचा हुरडा गोड लागतो, कारण कोवळ्या दाण्यात साखर असते. दाणा पिकताना त्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम, ही साखर जोडून स्टार्च बनवतात. शिजताना स्टार्च पाणी शोषून फुगते आणि लापशी घट्ट होते.

दाणा भिजून मोड आला की उलटे काम सुरू होते. कोंबाला अन्न हवे असते, म्हणून दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते. आपल्या लाळेतही अमायलेज असते. म्हणूनच भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, मोडाचे थोडेसे पीठ घट्ट लापशीला पातळ करते. पाणी वाढत नाही, पीठ कमी होत नाही.

कृती अशी: गहू निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. ओल्या स्वच्छ फडक्यात एक-दोन दिवस बांधून मोड आणा. उन्हात कडक वाळवा, अगदी हलके भाजा, दळा आणि कोरड्या डब्यात ठेवा. जास्त भाजले तर विकर मरते. बुरशी दिसली तर सगळे फेकून द्या.

बाळाची लापशी घट्ट शिजवा. खाली उतरवून थोडी निवली की वाटीमागे अर्धा ते एक चमचा हे पीठ घालून ढवळा. काही मिनिटांत ती सैल होईल. मग पुन्हा एक उकळी काढा, म्हणजे जंतू मरतील. वरून चमचाभर तेल किंवा तूप घाला. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: यासाठी ज्वारीला मोड आणू नका. ज्वारीच्या कोंबात सायनाइडचे विष तयार करणारा पदार्थ असतो. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात, ती त्यामुळेच. मोड न आलेल्या ज्वारीचे पीठ आणि भाकरी मात्र निर्धोक आहे.

एका घरी किलोभर गहू केला तर शेजारच्या चार घरांना पुरतो. विहारात जमतो तेव्हा बायांनी हे काम वाटून घ्यावे. आणि वजन तरीही वाढत नसेल, बाळ मलूल असेल किंवा पायावर सूज असेल, तर घरच्या उपायांत दिवस घालवू नका. अंगणवाडीताईला दाखवा, दवाखान्यात न्या.