कानात कापूस पुरेल का?

मुंबईच्या हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाचे नाव तेथील कापसाच्या बाजारावरून व गोदामांवरून पडले. कापड विणणाऱ्या गिरण्या जवळच, लालबाग-परळला होत्या. 1982च्या संपानंतर त्यांपैकी बहुतेक बंद पडल्या. गिरणीच्या साचेखात्यात शेकडो माग एकदम चालत आणि प्रत्येक मागावरचा धोटा मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा इकडून तिकडे ठोकला जाई. अशा खात्यातील आवाज 100 डेसिबलच्या आसपास असतो.

त्याने कानाचे काय होते? आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नलिका असते. तिच्यातील हजारो सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या, की माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून हा बहिरेपणा औषधाने बरा होत नाही. तो टाळावाच लागतो.

आता थोडे गणित करू. 85 डेसिबलचा आवाज दिवसात 8 तासांहून अधिक ऐकू नये, असे मानतात. 3 डेसिबल वाढले, की ध्वनीची तीव्रता दुप्पट होते. म्हणून वेळ निम्मा करावा. 88ला 4 तास, 91ला 2, 94ला 1, 97ला अर्धा तास आणि 100ला अवघी 15 मिनिटे! विसर्जनाच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपाशी नाचताना किंवा इअरफोनचा आवाज वाढवताना हा हिशेब आठवावा.

मग कानात कापूस घालावा का? कोरडा कापूस सच्छिद्र असतो. तंतूंमधल्या हवेतून ध्वनी आत शिरतो. त्यामुळे संरक्षण फारच थोडे मिळते. फोमचे इअरप्लग मात्र बोटांनी वळून कानात घातले, की फुगून कर्णनलिका बंद करतात. नीट बसले तर आवाज सुमारे 15 डेसिबलने घटतो. 100चे 85 झाले, म्हणजे 15 मिनिटांची मर्यादा 8 तासांवर गेली!

दुसरा उपाय फुकटचा आहे. मोकळ्या जागेत लहान ध्वनिउगमापासूनचे अंतर दुप्पट केले, की तीव्रता एकचतुर्थांश होते, म्हणजेच आवाज 6 डेसिबलने उतरतो.

आवाज मोजण्याचे यंत्र जवळ नसले, तर हातभर अंतरावरच्या मित्राशी बोलून पाहा. ओरडावे लागले, तर आवाज 85च्या घरात किंवा त्याहून अधिक आहे असे समजा आणि तेथून दूर व्हा.