थंडीत धावायचं, पण कधी?



दिवाळीची सुट्टी संपवून होस्टेलवर परतलं की दरवर्षी एक गोष्ट ठरलेली. कुणी नवीन शूज घेऊन आलेला असतो, कुणाला फराळानं सुटलेलं पोट आत घ्यायचं असतं, कुणाला जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचं वारं लागलेलं असतं. मग रात्री कट्ट्यावर ठरतं, 'उद्यापासून पहाटे पाचला!' पहिल्या आठवड्यात गेटपाशी बारा-पंधरा जण जमतात. सबमिशनच्या गडबडीत सहा उरतात आणि संक्रांतीपर्यंत दोघं-तिघं. बाकीच्यांना विचारलं तर उत्तर एकच, "थंडी फार आहे रे!"

मी या होस्टेलवर चौथा हिवाळा काढतोय आणि चारही हिवाळे धावलोय. मी काही बक्षिसं मिळवणारा धावपटू नाही. रविवारी दहा किलोमीटर पळून मेसमधले पोहे संपायच्या आत परत येणं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण एवढ्या अनुभवावर आणि थोड्या आकडेमोडीवर एक गोष्ट ठामपणे सांगतो. थंडीनं आपलं धावणं बंद पडत नाही, पहाटे पाचच्या हट्टामुळे पडतं. आणि त्या हट्टात नुसता आळसाचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे.

शरीर नावाचं इंजिन

आधी थंडीवरचा आरोप तपासू. सपाट रस्त्यावर धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. साठ किलोचा मुलगा तासाला दहा किलोमीटर या वेगानं धावला, तर ६०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ७०० वॉट. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता फार तर २५ टक्के. म्हणजे ५०० वॉटच्या वर नुसती उष्णता! रेक्टर सरांनी जप्त केलेल्या कॉइल आठवा. त्यातली एक लहानशी कॉइल तुमच्या पोटात चालू आहे असं समजा.

आता ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर? शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ३.५ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरली, तर साठ किलोसाठी २१० किलोज्यूल झाले. ५०० वॉटला भागा. दर सात मिनिटांना शरीराचं तापमान एक अंशानं वाढेल. अर्ध्या तासात माणूस आडवा होईल. तसं होत नाही, कारण त्वचेवरून हवेत उष्णता जाते आणि घामाचं बाष्पीभवन होतं. एप्रिल-मे महिन्यात हवाच ३८ अंशांवर असते, म्हणजे त्वचेपेक्षा गरम. तेव्हा सगळा भार एकट्या घामावर. डिसेंबरात सकाळी हवा १४-१५ अंशांवर आणि त्वचा तीस-बत्तीसवर. न्यूटनचा शीतलनाचा नियम आपल्या बाजूनं!

लांब पल्ल्याच्या धावण्याला थंड हवा मानवते हे जगभर दिसून आलंय. २००१ ते २०१० या काळात पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधल्या वेळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धावपटूंच्या वेगवेगळ्या गटांना सगळ्यात अनुकूल तापमान साधारण ४ ते १० अंश सेल्सिअस एवढं निघालं. आपल्याकडे, या उसाच्या पट्ट्यात, थंडी कितीही कडाक्याची म्हटली तरी पारा दहाच्या आसपास थांबतो. म्हणजे ज्या थंडीला आपण शिव्या घालतो, तसल्या थंडीची बाहेरचे लोक वाट बघतात.

मग पहिली पाच-सात मिनिटं नकोशी का वाटतात? कारण इंजिन गरम व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ भराभर चालायचं, मग हळू धावायचं आणि दहाव्या मिनिटानंतर आपला वेग धरायचा. गोधडीतून उठून थेट स्प्रिंट मारणाऱ्याची पोटरी धरली, तर त्यात थंडीचा काय दोष?

मग पाच वाजता बिघडतं काय?

दोन गोष्टी. अंधार आणि धूर.

आपल्या भागात हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. कारखान्याकडे निघालेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांना ना टेललाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्यांना ओव्हरटेक करणारा मोटारसायकलवाला एकदम आपल्या पुढ्यात येतो. गेल्या हंगामात आमच्या विंगमधल्या एकाला पहाटे असंच मागून धडकून एक गाडी निघून गेली. पाय सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये आणि सगळी प्रॅक्टिकल्स कुबड्यांवर. तो वाचला म्हणून आज हे हसत सांगता येतंय.

इथेही गणित करून बघा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. चालकानं तुम्हाला बघून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर गेले. नंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावरसुद्धा गाडी थांबायला आणखी १६-१७ मीटर. एकूण ३७-३८ मीटर. काळा ट्रॅक सूट घातलेला माणूस मंद हेडलाइटमध्ये एवढ्या अंतरावरून दिसेलच याची काय खात्री? पांढरा टी-शर्ट बरा, रिफ्लेक्टरची पट्टी त्याहून बरी. आणि अंधारात रस्त्यावर जावंच लागलं तर उजव्या कडेनं धावा, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. कानात इअरफोन अजिबात नको. त्यातून पहाटेच्या अंधारात कुत्र्यांची टोळी भेटते ती वेगळीच. (तिथे पळायचं नाही, चालायला लागायचं.)

आता धूर. सिव्हिलच्या मुलांनी एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगमध्ये 'टेम्परेचर इन्व्हर्जन' पाठ केलेलं असतं. ते बघायला लॅब नको, हिवाळ्यातली कुठलीही सकाळ पुरे. रात्री आकाश निरभ्र असतं, जमीन झपाट्यानं थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही. वरची हवा मात्र त्या मानानं उबदार राहते. खाली थंड आणि जड, वर गरम आणि हलकी. पातेल्यावर झाकण ठेवावं तशी अवस्था. मग पेटवलेल्या पाचटाचा, वीटभट्टीचा, गुऱ्हाळाचा, चुलीचा आणि डिझेलचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. पहाटे ही कोंडी चांगलीच घट्ट असते. सूर्य वर येऊन जमीन तापली की तासा-दोन तासांत झाकण हळूहळू सुटतं.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. धावताना हीच हवा पन्नास लिटरच्या पुढे जाते आणि तीही तोंडानं, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. 'पहाटेची शुद्ध हवा' म्हणून आपण जी छाती भरून घेतो, ती हिवाळ्यात बऱ्याचदा दिवसातली सगळ्यात खराब हवा असते.

ओळखायचं कसं? गच्चीवर जा आणि लांबचं गुऱ्हाळ किंवा भट्टी बघा. धूर थोडा वर जाऊन रेघ मारल्यासारखा आडवा पसरलाय? झाकण घट्ट आहे. वर जाऊन विरतोय? झाकण सुटलं. शहरातल्या मित्रांना सोपं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर हवेचा निर्देशांक दिसतो. १०० च्या आत असेल तर बिनधास्त जा, २०० च्या वर गेला तर त्या दिवशी धावणं सोडून खोलीतच दंड-बैठका काढा. ज्यांना दमा आहे किंवा धावल्यावर खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, त्यांनी 'थंडीमुळे होतं' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं आणि इनहेलर दिला असेल तर तो खिशात ठेवावा.

संक्रांतीचं गणित

काही जण म्हणतात, "डिसेंबर काढू कसाबसा, संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं मोठा होतो, मग पहाट लवकर उजाडेल." दिवस २२ डिसेंबरनंतर मोठा व्हायला लागतो हे खरं, पण ती वाढ आधी संध्याकाळच्या खात्यात जमा होते. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच होत जातो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यानं या दिवसांत सूर्याची खरी दुपारच रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे सरकते. २२ डिसेंबर ते संक्रांत एवढ्यात ती सुमारे दहा मिनिटं पुढे जाते आणि सूर्योदयालाही मागे ओढते. म्हणून जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तर मावळतो सव्वासहाच्या पुढे. पाचला उठणारा दीड-दोन तास अंधारात, आणि प्रॅक्टिकल सुटल्यावर सव्वापाचला निघणाऱ्याच्या हातात तासभर उजेड!

संध्याकाळ का नको?

संध्याकाळी हवा अजून ढवळलेली असते, रस्ता दिसतो, अंग दिवसभराच्या हालचालीनं मोकळं असतं. तापमान २६-२८ असतं, सकाळपेक्षा बरंच जास्त हे मान्य. पण हवा कोरडी असल्यानं घाम चटकन वाळतो आणि तीस-चाळीस मिनिटांच्या धावण्याला तेवढं पुरतं. शिवाय आपल्या सोलरची टाकी! पहाटे पळून आलं की गरम पाण्यासाठी बादल्यांची रांग. संध्याकाळी दिवसभर तापलेली टाकी भरलेली असते आणि रांगेत कुणी नसतं. फक्त सूर्य मावळायच्या आत परतायचं, कारण जमीन थंड होऊ लागली आणि चुली पेटल्या की झाकण पुन्हा बसायला लागतं.

लांब पल्ल्याला मात्र थंड हवा हवीच. तो रविवारी. उजाडल्यावर, हमरस्ता सोडून, कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यानं, आणि आधी धूर बघून.

कपडे आणि नंतरची दहा मिनिटं

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही तर समजा, कपडे जास्त झालेत. स्वेटर आणि कानटोपी घालून निघालेला दुसऱ्या किलोमीटरला स्वेटर कमरेला बांधतो, तोपर्यंत आतला सुती बनियन चिंब झालेला असतो. पाण्यातून उष्णता हवेच्या वीस पटींहून जास्त वेगानं वाहते. धावतोय तोवर आतली कॉइल चालू असते. थांबलो की ती सातशेवरून शंभर वॉटवर येते, पण ओला बनियन आपलं काम करतच राहतो. टपरीवर उभं राहून अर्धा तास चहा-गप्पा झाल्या की हुडहुडी भरते, आणि बोल लागतो धावण्याला. तेव्हा आधी बनियन बदला, मग चहा. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीनं प्या.

परीक्षा आली की?

बंद करू नका, कमी करा. रॉबर्ट हिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केलेले प्रयोग इथे उपयोगी आहेत. काही आठवडे आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं व्यायाम केलेल्यांचा सराव त्यांनी कमी केला. एका अभ्यासात दिवस चारवर आणि दोनवर आणले, दुसऱ्यात वेळ २६ आणि १३ मिनिटांवर. जोर तोच ठेवला तेव्हा शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पंधरा आठवडे जवळजवळ टिकून राहिली. जोर कमी केला तेव्हा मात्र घसरली. म्हणजे पीएलमध्येसुद्धा आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं, पण मनापासून, एवढ्यानं कमावलेलं बरंचसं हातात राहतं. एका पिक्चरचा वेळ पूर्ण आठवड्याला पुरतो!

माझा सध्याचा आठवडा असा:

मंगळवार, गुरुवार : संध्याकाळी ५.१५ ते ५.५५, कॉलेजचं ग्राउंड. गुरुवारी मधली दहा मिनिटं जोरात.
शनिवार : संध्याकाळी २० मिनिटं हळू, नंतर दंड-बैठका.
रविवार : सकाळी ७ नंतर ८ ते १० किलोमीटर, कॅनॉल रोड. धूर आडवा असेल तर तेवढंच संध्याकाळी, जरा कमी.

शेवटी सरांना आणि रेक्टर मॅडमना एक विनंती. लेडीज होस्टेलच्या मुलींना अंधारात गेटबाहेर सोडत नाहीत, ते बरोबरच आहे. पण मग त्यांचा पूर्ण हिवाळा खोलीत जातो. सव्वापाच ते सव्वासहा ग्राउंड सगळ्यांना मोकळं ठेवलं, क्रिकेटचे सामने तेवढा तास एका बाजूला घेतले आणि ग्राउंडच्या कडेला पालापाचोळा जाळणं बंद केलं, तर खर्च शून्य आहे. पहाटे गेटपाशी बारा जमतात, संध्याकाळी उजेडात पन्नास जमतील. त्यात स्टाफमधल्यांनीही यावं, आम्ही वेग कमी करू!