कंपवाताच्या रुग्णाची नखे

ज्यांचे हात आपोआप थरथरतात, त्यांना स्वतःची नखे कापता येत नाहीत आणि दुसऱ्यापुढे हात करण्याचा संकोच वाटतो. वाढलेल्या नखांनी त्वचेस ओरखडे पडून जंतुसंसर्गास वाव मिळतो. यास्तव कुटुंबीयांसाठी काही सूचना आम्ही येथे देत आहोत.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या कंपवातात थरथर प्रामुख्याने हात स्वस्थ असताना होते, सेकंदाला सुमारे ४ ते ६ वेळा. हेतुपूर्वक हालचाल करताना ती बहुधा मंदावते. म्हणून रुग्णास बोट स्वतः पुढे करण्यास सांगावे. ‘इसेन्शियल ट्रेमर’मध्ये मात्र हात उचलून धरताच कंप वाढतो, तेथे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उशीवर टेकवावा.

ताणाने कंप वाढत असल्याने औषधाचा अंमल असताना, सावकाश हे काम करावे. हात आवळून धरू नये. एकेका बोटास आधार द्यावा. टोकदार कात्रीपेक्षा कानस सुरक्षित. मात्र घासताना नखे कोरडी असावीत. मधुमेह असल्यास जखम होणार नाही याची विशेष दक्षता घ्यावी.

नीटनेटक्या हातांनी रुग्ण आल्यागेल्यास निःसंकोच नमस्कार करतो, हेही आम्ही उपचाराचेच अंग मानतो.