अमालियाची पेपरमिंट

मुलांनो, पेपरमिंटची गोळी जिभेवर ठेवताच तोंडात गारवा पसरतो. वास्तविक तोंड मुळीच थंड होत नाही; पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतीतील मेन्थॉल हे द्रव्य थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवते, एवढेच!

स्वीडन देशातील ग्रेन्ना गावची पेपरमिंट मात्र गोळी नव्हे. ती तांबड्या-पांढऱ्या पिळाची कांडी असते. ती प्रथम केली अमालिया एरिकसन हिने. लग्नानंतर थोड्याच काळात तिचा पती वारला. पदरी तान्ही मुलगी. उदरनिर्वाहाचे साधन काहीच नाही. अमालियाने मिठाई करून विकण्याचा परवाना मागितला. १८५९ साली तो मिळाला आणि तिची चूल पेटली.

साखर, पाणी व थोडे व्हिनेगर उकळून पाक करावयाचा. तो जरा निवला की आकड्याला अडकवून पुन्हा पुन्हा ताणावयाचा. हे काम मोठे कष्टाचे! ताणताना आत हवा शिरते आणि काचेसारखा पारदर्शक पाक दुधासारखा पांढरा होतो. मग तांबडी पट्टी लावून त्याला पीळ द्यावयाचा. ह्या कांडीला 'पोल्काग्रीस' म्हणतात. 'ग्रीस' म्हणजे डुक्कर. मिठाईला हे नाव कसे शोभावे, नकळे!

अमालियाने आपली कृती गुप्त ठेवली. १९२३ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी ती निवर्तली. आज ग्रेन्नातील दुकानांत कारागीर गिऱ्हाइकांसमोरच पाक ताणतात. नुकतीच वळलेली कांडी हाताला मऊ व कोमट लागते. तोंडात घातली की मात्र गार!