‘लेट्’ : सोडणे की अडविणे?

इंग्रजी भाषेतील ‘लेट्’ हे क्रियापद इतके लहान व इतके नित्याचे आहे की, त्याचा अर्थ कोशात पाहण्याचे श्रम शिकणारा मनुष्य सहसा घेत नाही. ‘करू देणे’ एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे, असे त्यास वाटते. परंतु ह्याच शब्दाच्या आड अगदी उलट अर्थाचे दुसरे एक क्रियापद लपून बसले आहे, व ते ओळखता आले नाही तर वाक्याचा अर्थ पालथा होतो. म्हणून ह्या शब्दाकडे आज थोडे लक्ष देऊ.

प्रथम नेहमीचा अर्थ घेऊ. मराठीत आपण ‘त्याला जाऊ दे’ म्हणतो. इंग्रजीत ‘लेट् हिम् गो’. येथे ‘गो’च्या मागे ‘टु’ येत नाही. ‘अलाव’ ह्या त्याच अर्थाच्या क्रियापदापुढे मात्र ‘टु’ लागतो, आणि ती सवय लागल्यामुळे पुष्कळ मुले ‘लेट् हिम् टु गो’ असे लिहितात. शिवाय ह्या क्रियापदाचे रूप भूतकाळीही बदलत नाही. ‘दे लेट् हिम् गो’ ह्याचा अर्थ ‘जाऊ देतात’ की ‘जाऊ दिले’, हे मागील-पुढील संदर्भावरूनच ठरवावे लागते.

‘लेट् अस् गो’ ह्या वाक्यात आणखी एक खुबी आहे. मोशे व अहरोन फारोसमोर उभे राहून तीन दिवसांची वाट रानात जाण्याची परवानगी मागतात, तेथे ‘आम्हांला जाऊ द्या’ असा अर्थ आहे. फारो त्यांजबरोबर जाणार नाही. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ बेथलेहेमास जाण्याविषयी एकमेकांशी बोलतात, तेथे ‘चला, आपण जाऊ या’ असा अर्थ आहे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी शब्द तेच. ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद आपल्या भाषेत आहे, इंग्रजीत नाही. येथे मराठी माणसाची बाजू वरचढ आहे असे म्हणण्यास हरकत नाही! मात्र ‘लेट्स गो’ असे संक्षेपाने म्हटले म्हणजे ‘आपण जाऊ या’ एवढाच अर्थ होतो.

आता त्या लपलेल्या क्रियापदाकडे वळू. राजा जेम्स ह्याच्या आज्ञेने झालेले इंग्रजी भाषांतर १६११ साली छापले गेले. त्यातील निर्गमाचा पाचवा अध्याय उघडा. तिसऱ्या वचनात मोशे व अहरोन ‘लेट्’ म्हणतात ते ‘जाऊ द्या’ ह्या अर्थाने. लगेच चौथ्या वचनात फारो त्यांस विचारतो की, तुम्ही लोकांस त्यांच्या कामापासून का अडविता? आणि ‘अडविता’ ह्यासाठी तेथे घातलेला शब्दही ‘लेट्’च! एका वचनात सोडणे, पुढच्यात अडविणे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, तेराव्या वचनात, पौल सांगतो की, मी तुमच्याकडे येण्याचा बेत पुष्कळदा केला, पण आजवर मला अडथळा झाला. १६११ च्या इंग्रजीत ह्या अडथळ्यासाठीही ‘लेट्’ आहे. तो नेहमीच्या अर्थाने वाचला तर पौलास येऊ दिले होते व तो आपण होऊन गेला नाही, असे ठरेल. म्हणजे ज्याला अडविले गेले त्याच्याच माथी दोष! १८८१ साली सुधारलेला नवा करार निघाला, तेव्हा भाषांतरकारांनी तेथे ‘हिन्डर्ड’ हा उघड अर्थाचा शब्द घातला, हे योग्यच झाले.

असे कसे झाले? प्राचीन इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदे होती. एक ‘लॅटन्’, म्हणजे सोडणे, होऊ देणे. दुसरे ‘लेटन्’, म्हणजे अडविणे. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकरूप झाली. दुसरे ज्या विशेषणापासून निघाले, त्यापासूनच उशीर ह्या अर्थाचा ‘लेट’ आला आहे. ‘गाडी लेट आहे’ असे आपण स्टेशनावर रोज म्हणतो, तोच हा शब्द. अडविणे म्हणजे उशीर करविणे, असा त्यातला संबंध.

हे दुसरे क्रियापद बोलण्यातून नाहीसे झाले, तरी नामरूपाने दोन-तीन ठिकाणी टिकून आहे. टेनिसमध्ये आरंभी मारलेला चेंडू जाळीस लागून योग्य चौकोनात पडला, तर पंच ‘लेट्’ म्हणतो व तो चेंडू पुन्हा मारावयाचा असतो. आपल्या भारतीय पासपोर्टात धारकास ‘विदाउट लेट् ऑर हिन्ड्रन्स’ जाऊ द्यावे, अशी विनंती राष्ट्रपतींच्या नावाने छापलेली असते. तेथे ‘परवानगीवाचून’ असा अर्थ कोणी करू नये. ‘अटकाव न करता’ असा तो आहे.

व्यवहारात मात्र सर्वांत जपून वाचावयाचा तो भाड्याचा ‘लेट्’. घरावर ‘टु लेट्’ अशी पाटी असते, ती भाड्याने देणाऱ्याची; घेणाऱ्याच्या कृतीस ‘लेट्’ म्हणत नाहीत. ह्यावरूनच ‘सब्लेट्’ झाला, म्हणजे पोटभाडेकरू ठेवणे. कामासाठी शहरात जाऊन राहणाऱ्या पुष्कळांच्या हाती इंग्रजी करारनामा येतो, आणि हा शब्द न समजता खाली सही होते. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेकायद्यात, ज्या कारणांवरून मालकास जागा परत मागता येत असे, त्यांत बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे हे एक होते. त्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातही ते कारण कायम आहे. गावाकडील पाहुण्यास चार दिवस ठेवून घेणे म्हणजे ‘सब्लेट्’ नव्हे. मोबदला घेऊन जागेचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे ‘सब्लेट्’ होय.