कंत्राटी कामगार आहे, बाळंतपणाची पगारी रजा मिळेल का?

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत दोन वर्षांपासून काम करते. पगार १७,००० रुपये, त्यातून ईएसआय कापतात. पाचवा महिना चालू आहे. ठेकेदार म्हणतो, कंत्राटी बायकांना पगारी रजा नसते. वेगळा विमाही काढलेला नाही. घरखर्च कसा भागवावा?
— एक वाचक, चाकण

उत्तर : घाबरू नका, ठेकेदाराचे म्हणणे चुकीचे आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे कंत्राटी कामगारही ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) येतात. आधीच्या सलग दोन वर्गणी-कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे सरासरी पूर्ण मजुरी मिळते. ती ठेकेदाराच्या खिशातून नव्हे, तर ईएसआय महामंडळाकडून तुमच्या बँक खात्यात येते. यांतले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मोहननगर, चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात उपचारही मिळतात.

आधी आपल्या विमा क्रमांकावर वर्गणी खरोखर जमा होते का, ते तपासा. पगारातून कापूनही भरली नसेल, तर लगेच ईएसआय कार्यालयात लेखी तक्रार करा. ज्यांना ईएसआय लागू नाही, त्यांनी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केले असेल, तर हीच रजा मालकाने पगारी द्यायची असते.

आता घाईने खासगी पॉलिसी घेऊ नका. तिच्यात प्रसूतीसाठी बहुधा प्रतीक्षाकाळ असतो आणि बुडालेला पगार ती देत नाही. मुख्य म्हणजे, कोणी कितीही आग्रह केला तरी राजीनाम्यावर सही करू नका. या रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे.