वापरलेल्या पाण्याची वाट

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गणपतीचे प्रसिद्ध क्षेत्र होय. अंगारकी चतुर्थीला तेथे दूरदूरचे भाविक येतात. जेथे माणसे जमतात तेथे पाणी लागते, आणि वापरलेले पाणी मळून पुढे जाते. ते नाहीसे होत नाही. या मुलखातील ओढेनाले अखेरीस पूर्णा नदीला मिळतात आणि पूर्णा गोदावरीला मिळते. वरच्या गावाने सोडलेली घाण खालच्या गावाच्या वाट्याला येते.

खेडेगावात मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा खणतात. त्यातील दगडगोट्यांमधून पाणी जमिनीत मुरते. परंतु मळीने खड्डा तुंबला, की पाणी साचून डास माजतात. म्हणून अधूनमधून तो उपसून पुन्हा भरावा लागतो.

शहरात एवढ्याने भागत नाही. तेथे भुयारी गटारांतून मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात नेतात. प्रथम लोखंडी जाळ्यांत चिंध्या व कचरा अडवितात. नंतर रेती तळाशी बसू देतात. पुढे मोठ्या टाकीत हवा सोडतात. त्या हवेवर जगणारे सूक्ष्म जिवाणू पाण्यातील घाण खाऊन टाकतात. ही रीत १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे अर्डर्न व लॉकेट यांनी जगापुढे मांडली. शेवटी गाळ खाली बसतो आणि निवळलेले पाणी वेगळे काढतात.

अशा केंद्राला म्हातारपण लवकर येते. मैलापाण्यातून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. गटाराच्या ओलसर छताशी जिवाणू त्याचे तीव्र आम्ल बनवितात आणि ते काँक्रीट कुरतडते. रेतीने पंपांची पाती झिजतात. हवा पुरविणारे यंत्र बंद पडले, तर टाकीतील जिवाणू गुदमरतात आणि घाण तशीच नदीला जाते.

दुरुस्तीही सोपी नसते. नगर पाणी वापरण्याचे थांबत नाही. म्हणून केंद्र पूर्णपणे बंद ठेवता येत नाही. एक टाकी रिकामी करून दुरुस्त होईतो शेजारच्या टाक्यांनी भार वाहावा लागतो. मुंबईत भुयारी गटारांचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. त्याच मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये सात शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २४६ कोटी लिटर असून खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये धरला होता.

परंतु दुर्लक्षाची खरी किंमत रुपयांत मोजता येत नाही. काँक्रीट खाणारा तोच वायू माणसाचाही प्राण घेतो. गटार तुंबले, की घाईघाईने एखाद्या कामगाराला आत उतरविले जाते. संरक्षक साधनांवाचून असे उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. तथापि, गेलेला माणूस भरपाईने परत येत नाही. वेळेवर झालेली दुरुस्ती त्याला वाचवू शकते.

मुलांनो, चिंधी, प्लॅस्टिकची पिशवी किंवा उरलेले तेल मोरीत टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा. ते अडकेल तेथे ते काढण्यासाठी कोणाला तरी जावे लागेल. आपल्याला न दिसणाऱ्या त्या माणसाची आठवण ठेवणे, हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे.